पहिला सामना देवाला

पराभवाची मीमांसा करणे हा मराठी माणसाचा जुना व्यासंग आहे. विजय मिळाला की आपण पोवाडा गातो आणि मोकळे होतो. पराभव झाला म्हणजे मात्र आपल्यातला इतिहासकार जागा होतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्याची चर्चा अडीचशे वर्षे उलटून गेली तरी आपल्या ओसरीवरून उठलेली नाही. भाऊने होळकरांचे ऐकले असते तर? बायकामुले आणि यात्रेकरू बरोबर नेले नसते तर? बखरकारांनी ह्या प्रश्नांची उत्तरे माणसांच्या स्वभावांत शोधली. त्र्यंबक शंकर शेजवलकर ह्यांनी १९६१ साली मराठीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो सारा दोष एकट्या भाऊच्या माथी मारायचे नाकारले. पराभवाचा अपराधी शोधणे निराळे आणि पराभवाचे कारण शोधणे निराळे, हा धडा त्यातून घ्यावयाचा. तो आपण कितपत घेतला, हे पाहायला पानिपतापर्यंत जाण्याची गरज नाही. चैत्राच्या सुमारास आमच्या छावणीत यावे.

छावणी म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची लष्करी वस्ती. खाम नदीच्या ह्या अंगाला ती वसली आहे. येथल्या चहाच्या हॉटेलांतून आयपीएलच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत जी चर्चा चालते, ती बहुतांशी एकाच संघाची असते : मुंबई इंडियन्स. हे प्रेम जन्मजात नव्हे. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होतो. पूर्वी मुंबईला जायचे तर मनमाडला गाडी बदलावी लागे. १९६० साली महाराष्ट्र झाला, पण क्रिकेटच्या नकाशावर आम्ही मुंबईचे झालो नाही. रणजी करंडकात आमचा संघ महाराष्ट्राचा, आणि मुंबई आमची प्रतिस्पर्धी. औरंगाबादेत जन्मलेला इक्बाल सिद्दिकी महाराष्ट्राकडून खेळला आणि २००१ साली मोहालीच्या कसोटीत भारताकडूनही उतरला. असे असूनही २०१७ साली हैदराबादच्या अंतिम सामन्यात मुंबईने पुण्याच्या संघाला एका धावेने हरवले, तेव्हा छावणीत फटाके वाजले ते मुंबईसाठी. आपण निवडलेली निष्ठा ही वारशाने आलेल्या निष्ठेपेक्षा अधिक हळवी असते, असे मला वाटते. म्हणूनच हा संघ मोसमाच्या आरंभी हरू लागला की आमच्याकडे सुतक पाळल्यासारखे होते.

आणि हा संघ आरंभी हरतोच! २०१३ ते २०२५ ह्या तेरा मोसमांत मुंबईने आपला पहिला सामना एकदाही जिंकला नाही. गंमत अशी की, ह्याच काळात संघाने पाच वेळा अजिंक्यपद मिळवले : २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० साली. म्हणजे पाचही विजयी मोसमांचे पहिले पाऊल पराभवाचे होते. ह्यातूनच चाहत्यांत एक म्हण रूढ झाली, 'पहिला सामना देवाला'. नव्या पिकाची पहिली कणसे, दुभत्या गाईचे पहिले दूध, दुकानातली पहिली कमाई देवापुढे ठेवणाऱ्या समाजाला ही कल्पना सुचावी ह्यात नवल नाही. मला ही म्हण आवडते. तिच्यात कुणावर राग नाही, उलट धीर आहे. परंतु देवाला एक सामना देणे हा भाव झाला. चार-पाच सामने ओळीने दिले की भक्ताचीही पंचाईत होते, आणि तेथून खरी मीमांसा सुरू होते.

अशा पंचाईतीचा पहिला प्रसंग आयपीएलच्या पहिल्याच वर्षी, २००८ साली आला. सचिन तेंडुलकर दुखापतीमुळे बाहेर होता, हरभजन सिंग हंगामी कर्णधार. मुंबई पहिले चारही सामने हरली. तिसऱ्या सामन्यानंतर मोहालीला हरभजनने श्रीशांतला थप्पड मारली आणि उरलेल्या मोसमाला मुकला. चौथ्या सामन्यात डेक्कन चार्जर्सने दहा गडी राखून धुव्वा उडवला. पुढे शॉन पोलॉकने सूत्रे हाती घेतली, मे महिन्यात तेंडुलकर परतला, आणि संघाने लागोपाठ सहा सामने जिंकले. शेवटी सात विजय, सात पराभव आणि पाचवा क्रमांक. उपांत्य फेरी हुकली, पण अब्रू राहिली.

२०१४ साली लोकसभेच्या निवडणुकांमुळे मोसमाचा पहिला भाग संयुक्त अरब अमिरातीत झाला. तेथे मुंबई पाचपैकी पाच सामने हरली. वानखेडेवर परतताच पंजाबविरुद्ध पहिला विजय मिळाला. २५ मे रोजी राजस्थानविरुद्ध १९० धावा १४.३ षटकांत करायच्या होत्या, तरच पुढची फेरी मिळणार होती. १४.३ षटके संपली तेव्हा धावा झाल्या होत्या १८९. आता पुढच्या एका चेंडूवर सीमापार फटका हवा, असा हिशेब निघाला. आदित्य तरेने षटकार मारला. पुढे चेन्नईने बाद फेरीत हरवले, हा भाग निराळा.

२०१५ साली पहिले चार सामने हरले. सहा सामन्यांनंतर खात्यात एकच विजय होता. आरोन फिंच जायबंदी झालेला, सलामीची जोडी बसत नव्हती. मग लेंडल सिमन्स आणि पार्थिव पटेल ही जोडी जमली, मिचेल मॅक्लेनघन गोलंदाजीला आला, आणि उरलेल्या आठांपैकी सात सामने मुंबईने जिंकले. सिमन्सच्या ५४० धावा झाल्या. २४ मे रोजी ईडन गार्डन्सवर चेन्नईला ४१ धावांनी हरवून संघाने करंडक उचलला.

ह्या तीन कथांनी चाहत्यांचे फार लाड केले. 'आपला संघ उशिरा जागा होतो' हा सिद्धान्त त्यांतून तयार झाला. इतिहासाचा वापर आपण पुष्कळदा असा करतो : जे सोयीचे ते लक्षात ठेवून त्याला नियम म्हणतो. वास्तविक ह्या तिन्ही मोसमांत काही तरी दुरुस्त होण्यासारखे होते. कुणी दुखापतीतून परतायचा होता, कुठे मैदान बदलायचे होते, कुठे जोडी जमायची होती. आजार होता, पण उपाय घरात होता.

२०२२ साली उपाय घरात नव्हता. त्या वर्षी मुंबई पहिले आठ सामने ओळीने हरली. साखळीचे सगळे सामने मुंबईत आणि पुण्यात होते, त्यामुळे परक्या मुलखाची सबबही उरली नाही. पहिला विजय मिळाला ३० एप्रिलला, रोहित शर्माच्या वाढदिवशी. आणि चार विजयांसह संघ दहाव्या, म्हणजे शेवटच्या, स्थानी राहिला. हॉटेलच्या बाकावर तेव्हा कुणी रोहितला धारेवर धरी, कुणी पोलार्डला. कारण मात्र एप्रिलमध्ये नव्हतेच. ते फेब्रुवारीतल्या लिलावात होते. संघाला रोहित, बुमरा, सूर्यकुमार आणि पोलार्ड ह्या चौघांनाच ठेवता आले होते. ट्रेंट बोल्ट, क्विंटन डी कॉक, हार्दिक आणि कृणाल हे पंड्या बंधू, राहुल चहर हे सगळे गेले. इशान किशनसाठी सव्वापंधरा कोटी रुपये मोजले. जोफ्रा आर्चरला आठ कोटींना घेतले, तेही तो त्या वर्षी खेळू शकणार नाही हे ठाऊक असताना.

आमच्या छावणीचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो. तेथे जनावरांचीही खरेदी-विक्री होते. बाजारात मुरलेला शेतकरी बैलाचे दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो, आणि मगच पैसे मोजतो. एकदा दावे हातात घेतल्यावर मात्र नांगराला जुंपलेल्या बैलाला तो शिव्या देत बसत नाही. चूक झाली असेल तर ती आपल्या खरेदीची, हे त्याला कळते. ज्या माणसांनी हे शहाणपण दर गुरुवारी पाहिले आहे, त्यांनाही रात्री सामना बघताना ते आठवत नाही.

आणि २०२४ साली तर आम्ही सारे शहाणपण गुंडाळून ठेवले. डिसेंबर २०२३ मध्ये रोहितच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार नेमल्याचे जाहीर झाले. दहा वर्षांत पाच अजिंक्यपदे देणारा कर्णधार बाजूला झाला, ह्याचे दुःख समजण्यासारखे होते. पण ते दुःख लोकांनी ज्याने नेमणूक केली त्याच्यापाशी न नेता, ज्याची नेमणूक झाली त्याच्यावर काढले. अहमदाबादेत सहा धावांनी हार झाली. हैदराबादेत सनरायझर्सने २७७ धावा ठोकल्या. तो त्या दिवसापर्यंतचा आयपीएलचा उच्चांक होता. सतरा वर्षांचा क्वेना मफाका आपल्या पहिल्याच सामन्यात चार षटकांत ६६ धावा देऊन बसला. शस्त्रक्रियेमुळे सूर्यकुमार पहिले तीन सामने खेळू शकला नव्हता. एवढी कारणे समोर असताना १ एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. संजय मांजरेकरांना भर मैदानात प्रेक्षकांना नीट वागण्याची विनंती करावी लागली. संघ तोही सामना हरला आणि मोसमाअखेर पुन्हा दहाव्या स्थानी गेला.

त्या उन्हाळ्यात छावणीतल्या एका मोकळ्या मैदानावर मुलांचे टेनिस चेंडूचे सामने चालले होते. एका संध्याकाळी मी पाहिले : सलग दुसरा सामना हरलेल्या संघातली मुले आपल्याच कप्तानाभोवती गोळा होऊन, दूरदर्शनवर ऐकलेला तोच आवाज काढीत होती. कप्तान असेल तेरा-चौदा वर्षांचा. तो रडला नाही. त्याने बॅट दुसऱ्याच्या हाती दिली आणि नदीच्या बाजूने निघून गेला. मोठी माणसे हॉटेलात बसून जी मीमांसा करतात, तिचा धडा कोण गिरवतो, हे त्या दिवशी मला दिसले. प्रश्न मग एका धनाढ्य संघाच्या गुणतक्त्याचा उरत नाही. हरलेल्या माणसाशी कसे वागायचे, हे आपण पुढच्या पिढीला शिकवत असतो, आणि शिकवतो आहोत ह्याचे भानही आपल्याला नसते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात सोळा धावा रोखायच्या होत्या. चेंडू हार्दिकच्या हाती होता. सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला विजयी संघ मुंबईत आला, तेव्हा त्याच वानखेडेवर लोकांनी हार्दिकच्या नावाचा जयघोष केला. हुर्यो आणि जयघोष ह्यांच्यामध्ये अंतर होते चौऱ्याण्णव दिवसांचे. एवढ्यात माणूस बदलत नाही. बदलले होते ते आपले सोयीचे उत्तर.

मग २०२५ आले. बुमरा पाठीच्या दुखापतीने पहिल्या चार सामन्यांना मुकला, पहिल्या सामन्यात हार्दिकवर आदल्या मोसमातल्या संथ षटकगतीबद्दल बंदी होती, पाच सामन्यांत एकच विजय. पण ह्या वेळी आमच्या बाकावर जरा निराळी भाषा ऐकू आली. 'बुमरा येऊ द्या, मग बोलू,' असे एक वयस्क रिक्षावाले चाचा म्हणाले आणि बाकीच्यांनी ते मानले. बुमरा परतल्यावरचा पहिला सामनाही बंगळूरविरुद्ध बारा धावांनी गेला. तरी चाचा गप्पच राहिले. त्यानंतर मुंबईने लागोपाठ सहा सामने जिंकले, बाद फेरीत गुजरातला हरवले, आणि १ जूनला पंजाबकडून हरून ती अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरून परतली. अजिंक्यपद मिळाले नाही, पण त्या रात्री छावणीत कुणाचा उद्धार झाला नाही. चाचांनी चहाचे पैसे दिले आणि म्हणाले, "पोरं बरी खेळली."

त्या एका वाक्याला मी इतिहासाचे वाक्य म्हणतो. पराभव सांगणारा माणूस रागाने बोलू लागला की समजावे, त्याला अपराधी सापडला आहे. तो प्रश्न विचारू लागला की समजावे, तो कारणाच्या वाटेवर आहे. पहिली वाट सोपी, आणि तिच्यावर गर्दी असते. दुसरीवर माणसे थोडी, पण हरलेल्याला घरी परत आणणारी वाट तीच. पहिला सामना देवाला द्यायचा तर खुशाल द्यावा. खेळणाऱ्या पोराचा मात्र बळी देऊ नये.