बापाच्या तोंडात वाढणारा मासा

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आठवतात. मी आज इतिहास सांगणार आहे तो बोटभर लांबीच्या एका माशाचा. इंडोनेशियात सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाचा द्वीपसमूह आहे. रुपेरी अंगावर काळे पट्टे आणि पांढरे ठिपके मिरवणारा बांगाई कार्डिनल मासा मूळचा तिथलाच.

स्वीडिश संशोधक वॉल्टर काउडर्न यांनी १९२० मध्ये त्याचे नमुने गोळा केले. डच मत्स्यतज्ज्ञ कौमान्स यांनी १९३३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला काउडर्न यांचे नाव दिले. पुढे जवळजवळ साठ वर्षे जग त्याला विसरले. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात काम करणारे मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड ॲलन यांना तो पुन्हा सापडला. मला विचाराल, तर विस्मरणाची ती साठ वर्षेच त्याच्या सुखाची होती!

बहुतेक सागरी माशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूरदूर वाहत जातात. इथला प्रकार निराळा. मादी काही डझन अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. सुमारे तीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात, तरी बाप त्यांना आणखी आठ-दहा दिवस तोंडातच सांभाळतो. एवढे दिवस त्याला जवळजवळ उपासच! मग पिल्ले तिथेच, उथळ पाण्यातल्या काटेरी समुद्री अर्चिनच्या काट्यांत किंवा समुद्रफुलांत आसरा घेतात. वाहत जाणे त्यांच्या नशिबी नाही. त्यामुळे काही किलोमीटरवरच्या दोन थव्यांतही आनुवंशिक फरक आढळतो.

पिल्लांना जपणारी हीच रीत पुढे त्याच्या मुळावर आली. मत्स्यालयांच्या शौकिनांना हा देखणा मासा भावला. या शतकाच्या आरंभी वर्षाला सात ते नऊ लाख मासे पकडले जात असल्याचा अंदाज होता. एखाद्या खडकावरचा थवा संपला, की बाहेरून पिल्ले वाहत येऊन ती जागा भरून काढत नाहीत. त्यात भर म्हणजे अर्चिन आणि समुद्रफुलेही लोक काढून नेऊ लागले. म्हणजे घरही गेले!

२००७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद 'संकटग्रस्त' म्हणून केली. त्याच वर्षी हेग येथील परिषदेत त्याच्या व्यापारावर नियंत्रण आणण्याचा अमेरिकेचा प्रस्ताव आला. इंडोनेशियाच्या विरोधानंतर तो मागे घेतला गेला. २०१८ मध्ये मात्र इंडोनेशियानेच त्याला मर्यादित संरक्षण दिले.

समाधानाची गोष्ट म्हणजे हा मासा टाकीतही वाढवता येतो. तेव्हा एखाद्या दुकानात तो दिसला, तर किमतीआधी एवढे जरूर विचारा : हा टाकीत जन्मलेला, की समुद्रातून उचललेला?