लॉन मोअर ‘मिसिंग’ करतेय? कार्बोरेटर खोलण्याआधी टाकी बघा

इंदूर : राजेंद्र नगरसारख्या मराठी वस्तीत पाऊस लागला की पंधरा-वीस दिवसांत बागेतलं गवत गुडघ्याला लागतं. उन्हाळाभर शेडमध्ये उभी असलेली, वर बसून चालवायची लॉन मोअर तेव्हा बाहेर निघते. इंजिन चालू होतं, पण रेस आपोआप वर-खाली होते, झटके बसतात. मग लगेच कार्बोरेटर खोलला जातो. खरं तर सुरुवात टाकीपासून करावी.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. बागकामाच्या बहुतेक इंजिनांच्या पुस्तिका मात्र १० टक्क्यांपर्यंतच मुभा देतात. (मशीन वॉरंटीत असेल तर ते पान आधी वाचलेलं बरं.) इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि इंजिनाला नळी तिथूनच जाते. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवावं. खाली वेगळा थर दिसला किंवा व्हार्निशसारखा वास आला, तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी दोन्ही रिकामी करून ताजं पेट्रोल भरावं. हे काम इंजिन गार असताना, उघड्यावर करायचं. जवळ विडी-काडी नको.

तरीही रेस डुलत असेल तर चोक अर्धा ओढून बघा. इंजिन सुधारलं, तर त्याला पेट्रोल कमी मिळतंय, म्हणजे जेटमध्ये कचरा आहे किंवा गॅस्केटमधून हवा शिरतेय. कार्बोरेटर खोलायची वेळ ही. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरे. काळा धूर येत असेल तर उलट, एअर फिल्टर तुंबलाय किंवा चोक अडकलाय.

दहा-पंधरा मिनिटं नीट चालून बंद पडते? टाकीचं झाकण सैल करा. लगेच चालू झाली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय.

प्लगची फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. पात्याजवळ हात घालण्याआधी प्लगची टोपी काढलीच पाहिजे, यात कसर नको.

फक्त खड्ड्यातच झटका बसत असेल तर इंजिनाला हात लावू नका. सीटखाली सुरक्षा स्विच असतो. चालवणारा उसळला की तो इंजिन तोडतो. त्याची वायर बरेचदा सैल झालेली असते. ती घट्ट करा, पण स्विच बायपास करू नका. माणूस सीटवरून पडला की पातं थांबवणारा तोच आहे.