चहाचे खाते

इतिहास म्हटला की आपल्या कानात एकदम घोडे खिंकाळू लागतात. लढाया, तह, राज्याभिषेक आणि फितुरी एवढ्याच गोष्टींना इतिहास असतो, अशी आपली शाळेपासूनची समजूत. ज्याच्यावाचून माणूस सकाळी उठून बसतो पण जागा होत नाही, त्या कपभर चहालाही इतिहास असेल, अशी शंका कुणाला येत नाही. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि पेशाने बँकेतला कारकून. शिवाजी आणि औरंगजेब यांचा हिशेब माझ्या आवाक्यातला नव्हे. पण खाते कशाचेही असो, आरंभीची शिल्लक, जमा, नावे आणि अखेरची शिल्लक एवढे मांडता आले की आमच्या जातीच्या माणसाला रात्री झोप लागते. तेव्हा आज चहाचे खाते उघडू या. ओळख द्यायला जामीन लागणार नाही, फोटो लागणार नाहीत, सहीचा नमुनाही नको. दूध तेवढे आपापले आणावे.

आरंभीची शिल्लक सुरतेत सापडते. सुरत म्हटली की आपल्याला महाराजांची 1664 ची स्वारी आठवते. तिच्या सव्वीस वर्षे आधी, 1638 साली, मँडेल्स्लो नावाचा एक तरुण जर्मन प्रवासी तिथे इंग्रजांच्या वखारीत उतरला होता. वखारीतली मंडळी रोज एकत्र जमली की चहा घेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे कचेरीत जमायचं आणि आधी चहा प्यायचा, ही प्रथा आमच्या बँकेने काढलेली नाही. काउंटरपलीकडून घड्याळाकडे बोट दाखवणाऱ्या गिऱ्हाइकांनी हे कृपा करून लक्षात ठेवावे. आम्ही पावणेचारशे वर्षांची परंपरा सांभाळतो आहोत.

त्यानंतर 1689 साली ओव्हिंग्टन नावाचे एक पाद्री सुरतेस आले. तिथले वाणी लोक चहाच्या पाण्यात गरम मसाला घालून ते उकळतात आणि डोकेदुखीवर नि पोटातल्या कळांवर घेतात, असे त्यांना दिसले. मसाल्याच्या चहाचा जन्म कोपऱ्यावरच्या टपरीत झाला असे ज्यांना वाटते, त्यांनी आपले पंचांग दुरुस्त करून घ्यावे. तो आधी औषध होता. आमच्या घरी अजूनही आहे. सर्दी झाली की आलं घालून, डोकं दुखलं की जास्त पावडर घालून, कंटाळा आला की नुसता आणि पाहुणे आले की नाइलाजाने, असे त्याचे चार अनुपान आहेत.

हा सगळा चहा चीनचा. पुढे आसामात चहाची झाडे आहेत हे साहेबाला कळले, आणि 10 जानेवारी 1839 रोजी लंडनमध्ये आसामी चहाच्या आठ पेट्यांचा लिलाव झाला. झाडे इथली, माती इथली, राबणारे हात इथले आणि कप तेवढा लंडनला. याला आमच्या कॉमर्सच्या पुस्तकात निर्यात म्हणत आणि त्यावर पाच मार्कांची टीप येत असे.

आता पुण्यात येऊ. मराठी माणसाने इतिहास लिहायचा आणि पुण्यात यायचं नाही, हे कसं जमणार? 1890 साली तिथल्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी मोठमोठी मंडळी त्याला गेली. व्याख्यान संपल्यावर मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात धरून खाली ठेवला. इथवर सगळे ठीक होते. पण मंडळींत गोपाळराव जोशीही होते. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान तेच. त्यांनी ‘पुणे वैभव’ या पत्रात उपस्थितांची नावे फोडली आणि पुण्यात वादळ झाले. कपातल्या वादळाने पेठाच्या पेठा हलल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्यांच्या वतीने चौकशी करायला माणसे पुण्यात आली, साक्षी झाल्या, शास्त्रार्थ झाले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे पुढे केले. रानड्यांनी बराच काळ काही केले नाही. मग 1892 साली स्नेह्यासोबत्यांची अडचण पाहून प्रायश्चित्त घेतले, आणि ते घेतल्याबद्दल सुधारकांचे बोल ऐकून घेतले. म्हणजे चहा घेतला म्हणून सनातनी रागावले नि प्रायश्चित्त घेतले म्हणून सुधारक रागावले. एकाच रकमेवर दोन्ही बाजूंनी व्याज भरणारा खातेदार माझ्या नोकरीत मी पाहिलेला नाही. रमाबाई रानड्यांनी 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत हे सगळे लिहून ठेवले आहे. आणि व्याख्यानाचं काय झालं म्हणता? ते सोडा. आमच्या युनियनच्या सभेचंही असंच असतं, लक्षात राहतो तो चहाच.

एक गोष्ट मात्र नीट पाहण्यासारखी आहे. त्या चौकशीत चहा कडक होता की पाणचट, साखर एक चमचा की दोन, असे कुणी विचारले नाही. चहा कुणाच्या हातचा, एवढाच प्रश्न होता. हा प्रश्न पुढे या खात्यात वारंवार येणार आहे, म्हणून त्याच्यासमोर पेन्सिलीने खूण करून ठेवू.

ज्या 1892 साली रानडे प्रायश्चित्त घेत होते, त्याच सुमारास स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाचा एक गृहस्थ दाबाने रॉकेल पेटवणारा स्टोव्ह जुळवीत होता. तोच आपला प्रायमस. या दोघांना एकमेकांची कल्पना नव्हती. पण चहाला शिवल्याचे प्रायश्चित्त आणि चहा दहा मिनिटांत करून देणारे यंत्र एकाच वर्षी निघावे, यात नियतीचा काहीतरी खट्याळपणा आहे. चुलीवर चहा म्हणजे आधी धूर, मग डोळ्यांत पाणी, मग फुंकणी आणि शेवटी चहा. प्रायमस आला आणि पिन मारली, पंप मारला की घरघर सुरू. मधल्या वेळेला चहा होणे खरे तर त्या घरघरीने शक्य केले.

तरीसुद्धा तो मराठी घरात सहजासहजी शिरला नाही. त्याला ढकलून आत घालावे लागले. 1903 साली सरकारने कायदा करून निर्यातीच्या चहावर पौंडामागे पाव पै उपकर बसवला आणि तो पैसा चहाच्या प्रचाराला लावला. 1930 नंतरच्या मंदीत परदेशचा खप आटला. कोठारे भरली, गिऱ्हाईक नाही. तेव्हा मळेवाल्यांना साक्षात्कार झाला की इथेही माणसे राहतात आणि त्यांनाही तोंडे आहेत! मग स्टेशनांवर चहाच्या पाट्या लागल्या, बाजारात फुकट कप वाटले गेले, आणि चहा कसा करावा हे दाखवायला माणसे दारोदार फिरू लागली.

असा एक माणूस आमच्या आजीच्या माहेरच्या वाड्यात आला होता. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. ती सांगायची, “डोक्याला फेटा, हातात किटली. ओटीवर बसून त्यानं चहा केला. पुरुषांनी प्यायला, मुलांनी प्यायला. बायकांनी दाराआडून वास घेतला.” मग तुम्हाला कधी मिळाला, असं विचारलं की आजी हसायची. “सगळे झोपले की. उरलेल्या पावडरीत पाणी घालून. फुळकवणी होता मेला, पण काय सांगू तुला!” पुढचे ती सांगत नसे, नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज करी. जाहिरातवाल्यांना असा आवाज काढता आला असता तर उपकराची गरजच पडली नसती.

विरोधकही थोर होते. 1942 साली गांधीजी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. तिथे त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले, त्यात चहा, कॉफी आणि कोको या तिघांनाही घराबाहेर काढले. चहा उकळला की त्यात टॅनिन उतरते आणि पचन बिघडते, असे त्यांचे म्हणणे. देशाने बापूंचे बरेच ऐकले. मीठ उचलले, चरखा फिरवला, तुरुंगात गेला. चहाचे तेवढे ऐकले नाही. उलट पुष्कळांनी तुरुंगातून सुटल्यावर पहिली गोष्ट कोणती केली असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

बाकीच्या नोंदी भराभर घेऊ. 1930 च्या सुमारास आसामात मॅकर्चर नावाच्या साहेबाने पाने चुरडून, फाडून त्यांच्या गोळ्या करणारे यंत्र काढले. आपण ज्याला सीटीसी म्हणतो तो हा. थोडक्यात रंग गडद, दुधाला पुरून उरणारा आणि किलोमागे कप जास्त. मध्यमवर्गाला यापेक्षा आणखी काय हवे? मुंबईत 1949 साली आरे कॉलनी झाली आणि काचेच्या बाटलीतले दूध दारी येऊ लागले. दूधवाल्याने पाणी घातले असा संशय घ्यायची जुनी सोय तेवढी गेली. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलावर चहा मिळू लागला, आणि पुण्यात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी मंडळींनी पितळी पातेल्यात वेलदोडा कुटून त्याला अमृततुल्य करून टाकले.

पण आता ती पेन्सिलीची खूण. चहा सगळ्यांचा झाला, कप मात्र सगळ्यांचा झाला नाही. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे. ज्याने प्यायचे त्यानेच ती धुऊन परत जागेवर ठेवायची. 1927 साली महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, मग चहाची काय कथा! 1950 मध्ये संविधान लागू झाले. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि पंधराव्याने दुकाने नि उपाहारगृहे सर्वांना खुली केली. कायदा हॉटेलाच्या दारापर्यंत आला. घरातल्या फडताळाचे दार त्याला उघडता येत नाही.

आमच्या घरात त्या फडताळात, खालच्या कप्प्यात, कान तुटलेला एक कप होता. तो भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा. हे कुणी ठरवले, कधी ठरवले, कुणाला ठाऊक नव्हते. आजीच्या राज्यापासून चालत आलेली ती नोंद होती आणि दरवर्षी पुढे ओढली जात होती. मी शाळेत होतो तेव्हा वडिलांचा बोनस झाला आणि आईने बाजारातून सहा कपांचा सेट आणला. पांढरे, निळी रेघ, सगळे सारखे. दुपारी तिने सहाच्या सहा ओट्यावर मांडले, कान तुटका कप तुळशीत पाणी घालायला बाहेर नेऊन ठेवला आणि मावशींना नव्यातल्या एकात चहा दिला.

आजी माजघरातून म्हणाली, “अगं, तो कुठला दिलास?”

आई म्हणाली, “त्यातलाच एक. आता कुठला ते मलाही ओळखता येणार नाही.”

आजीने जपमाळेचे दोन मणी जरा जोरात ओढले. संध्याकाळी तिच्यापुढे चहा आला तेव्हा तिने कप फिरवून फिरवून पाहिला. सहाही सारखे. चौकशी करायला शंकराचार्यांकडची माणसे आली असती तरी त्यांनी हात टेकले असते. शेवटी तिने चहा बशीत ओतला आणि प्यायली. आमच्या घरातले ग्रामण्य एका मिनिटात मिटले. आईने भाषण केले नाही, कसला सत्याग्रह केला नाही, फक्त सगळी खाती एकात मिसळून टाकली. ऑडिटच्या दृष्टीने हे चुकीचे आहे. पण त्या दिवसापासून मावशी चहा पिताना मोरीच्या उंबऱ्याऐवजी आत पाटावर बसू लागल्या आणि आईशी बोलू लागल्या. दुपारची ती दहा मिनिटे दोघींची असत, आणि आम्हां मुलांना तिथे मज्जाव असे.

राहिली एक बाकी. सबंध आयुष्यात आईला मी गरम चहा पिताना पाहिले ते त्या दहा मिनिटांतच. सकाळी वडिलांचा, आजीचा, आमचा, आल्यागेल्याचा असे करत तिचा कप ओट्यावर साय धरून बसलेला असे. घराघरांत असा एक कप असतो. दाराआडून वास घेणाऱ्या आजीपासून तो चालत आला आहे, आणि त्यावर कुठला अनुच्छेद नाही.

म्हणून आमच्याकडे हल्ली रविवारचा चार वाजताचा चहा चिरंजीव करतात. आई आणि सौभाग्यवती बाहेर बसून राहतात. आतून विचारणा होते, “साखर कुठंय? गाळणं कुठंय? उकळला म्हणजे किती उकळला?” सौ. उठू लागते, आई तिचा हात धरते. “बस गं. सापडेल त्याला.” मग चहा येतो. कधी काढ्यासारखा, कधी नुसता रंगीत. आई पहिला घोट घेते आणि म्हणते, “गरम आहे हो!” चांगला आहे असे ती म्हणत नाही, कारण खोटे बोलायची तिला सवय नाही.

साखर दोन चमचे जास्तच असते. ती मी किरकोळ खर्चात टाकतो.