मणक्याची साक्ष

हात मोडला तर तो लोंबतो. साऱ्या जगाला दिसतो. पाठीचा मणका दबून मोडला तर माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, आणि तो कण्हू लागला की 'सोंग करतो' म्हणायला लोक मोकळे! कामगारांच्या भरपाईच्या दाव्यांत हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले, की त्याचा इतिहास शोधावासा वाटला. तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हा वाद इंग्लंडात आगगाडीच्या पाठोपाठ आला. अपघातातले प्रवासी, अंगावर मोठी जखम नसतानाही, पाठ धरून बसत व रेल्वे कंपन्यांकडे भरपाई मागत. लंडनचे शल्यवैद्य जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ साली आपली व्याख्याने छापून सांगितले, की हादऱ्याने मज्जारज्जूला खरीच इजा होते. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी उलट मांडले, की पुष्कळदा ती भीतीची बाधा असते. पेज हे एका रेल्वे कंपनीचे शल्यवैद्य होते, हे विसरू नये. पण त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असेही नव्हे. खरी अडचण अशी, की जिवंत माणसाच्या पाठीत डोकावण्याची सोय दोघांजवळही नव्हती.

१८९५ साली जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. दबलेला मणका पाचरीसारखा दिसू लागला. तथापि नवा पेच पडला. क्ष-किरणांना हाडाचा आकार दिसतो, मोडीचे वय सहसा कळत नाही. ठिसूळ झालेला मणका नकळतही दबतो, आणि सांधल्यावरही दबलेलाच राहतो. मग 'पडलास खरा, पण मणका आधीच गेलेला होता' या बोलण्याला उत्तर काय?

उत्तर आले चुंबकाच्या अभ्यासातून. प्रबळ चुंबकात ठेवलेल्या पदार्थातील अणुगर्भ रेडिओलहरींना साद देतात, हे ब्लॉख आणि पर्सेल यांनी अमेरिकेत १९४६ साली वेगवेगळे दाखवले. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी त्यातून चित्र काढले. नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफील्ड यांनी ती रीत वेगवान केली. दोघांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेच हे एमआरआय.

ही साद मुख्यतः पाण्यातल्या व चरबीतल्या हायड्रोजनची असते. प्रौढाच्या मणक्यातील मगजात चरबी बरीच. मणका ताजा मोडला की तेथे रक्त व पाणी साचते. एका तऱ्हेच्या चित्रात तो शेजारच्या मणक्यांहून काळा दिसतो. चरबीची साद दाबून काढलेल्या चित्रात तोच उजळतो. जुना, सांधलेला मणका दबलेला असला तरी बहुधा शेजाऱ्यांच्याच रंगाचा असतो.

तरी आम्ही यंत्राचे भक्त नाही. हा ओलावा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो. उशिरा काढलेले चित्र खऱ्या माणसालाही खोटे पाडील. कर्करोगानेही मणका असाच काळवंडू शकतो. तेथे जाणत्या डॉक्टरचाच डोळा हवा. शिवाय चित्र मोडीचा ताजेपणा सांगते, पडल्याची तारीख नव्हे. आणि दोष कोणाचा, हे तर मुळीच नव्हे. म्हणून पडल्याबरोबर अपघाताची नोंद करावी व तपासणी लांबवू नये.

एरिक्सनच्या काळी सोंगाडे ठरलेल्यांपैकी कितीजणांचे मणके खरेच मोडले होते, हे आता कोण सांगणार? त्यांची साक्ष त्यांच्याबरोबरच गेली. आजच्या माणसाची तरी वेळेवर नोंदवली जावी.