कॅनोपीची कडी

ते रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. एक मुलगी विमान उडवतेय, अचानक डोक्यावरची काच उघडते, फुटते, आणि मग वाऱ्यात तिचे गाल फडफडताहेत, डोळे उघडत नाहीत. ती नारीन मेल्कुमजान, नेदरलँड्सची पायलट. व्हिडिओ तिने स्वतः जून 2024 मध्ये टाकला आणि सरळ लिहिलं, की कॅनोपीची पिन लॉक झालीच नव्हती आणि उड्डाणाआधी बघताना ते माझ्याकडून सुटलं. डोळ्यांवर चष्माही नव्हता. नजर पूर्ण परत यायला जवळपास 28 तास लागले. रेडिओवर कोच ओरडत होता, उडवत राहा. ती उडवत राहिली.

कॅनोपी म्हणजे कॉकपिटवरचं ते पारदर्शक झाकण. तिचं विमान कारखान्यात बनलेलं होतं. आज बोलायचंय घरी बनवलेल्या विमानांबद्दल. तिथे कडी बनवणारा, बसवणारा आणि 'ठीक आहे' म्हणणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो.

घरी विमान? हो, आणि लांब जायला नको. कॅप्टन अमोल यादवांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी बघितलं. नोंदणी 2017 मध्ये, उडवायची परवानगी 2019 मध्ये, आणि उड्डाण 2020 मध्ये धुळ्याला. गच्चीवरून उतरलेलं विमान हवेत जायला चार वर्षं लागली.

अमेरिकेत हा छंद जुना. तिथे घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना 1953 पासून आहे. निम्म्याहून जास्त काम हौसेने स्वतः केलं असेल तर विमान 'एक्स्पेरिमेंटल' म्हणून नोंदवता येतं. 1975 मध्ये बर्ट रुटान यांचं 'व्हॅरीईझ' उडालं आणि मग ते त्याचे नकाशेच विकू लागले. नकाशे घ्या, गॅरेजमध्ये फोम कापा, फायबरग्लास चढवा. त्याची कॅनोपी एका बाजूला बिजागरीवर उघडते. ती हवेत उघडण्याचे प्रकार घडले, म्हणून मुख्य कडी निसटली तरी झाकण अडवणारी दुसरी छोटी कडी आली.

उघडते का? कॅनोपीचा आकार बघा, वरून फुगीर, पंखासारखा. हवा तिला वर ओढते. मी गणित करून बघितलं. ताशी 200 किलोमीटर वेगाला हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण 190 किलो वजनाइतका होतो, आणि वेग दुप्पट झाला की चौपट. सगळा काही कडीवर येत नाही, पण अर्धवट बसलेल्या पिनला थोडा पुरतो.

त्यात उन्हाचा खेळ. एक मीटर ॲक्रिलिक 30 अंशांनी तापलं की सुमारे 2 मिलिमीटर वाढतं, तेवढंच ॲल्युमिनियम 1 मिलिमीटरही वाढत नाही. सकाळी गारव्यात नीट जुळवलेली कडी दुपारी अडकते. मग माणूस काय करतो? जरा दाबून, जरा उचलून बसवतो. त्याला ती सवय होते.

इथे मला मालवणचं घर आठवतं. मागच्या दाराची कडी सरळ कधी बसायचीच नाही. आजी म्हणायची, "वायच उचल रे, मगे घाल." घरच्यांना माहीत होतं म्हणून चाललं. पाहुण्याने लावलेलं दार मात्र रात्री वाऱ्याने उघडायचं.

विमानालाही पाहुणा येतो. 12 ऑक्टोबर 1997. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांनी रुटान यांचंच 'लाँग-ईझेड' नुकतंच सेकंडहँड घेतलं होतं. ते माँटेरेच्या समुद्रात कोसळलं आणि ते गेले. नकाशात इंधनाच्या टाक्या बदलायची मूठ पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेली होती, कॉकपिटमध्ये इंधन नको म्हणून. हेतू चांगलाच. पण तिथे हात न्यायचा तर अंग वळवावं लागतं, आणि अंग वळलं की पायही पेडलवर दाबला जातो. चौकशीत त्या मुठीच्या जागेवर स्पष्ट बोट ठेवलं गेलं. मूठ, कडी, गोष्ट तीच. बांधणाऱ्याला सवयीची असते, पुढच्याला नसते.

मी कोड लिहितो, म्हणून मला एक गोष्ट फार पटते. काही जण 'कॅनोपी उघडी' दाखवणाऱ्या दिव्याचा स्विच हँडलवर बसवतात. चूक! हँडल फिरलं ही फक्त कमांड. पिन भोकात गेली ही स्टेट. स्विच पिनच्या टोकाशी हवा. पिन एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकीशी. आणि 'टक्' आवाजावर विश्वास नको, डोळ्याने बघा, मग आतून झाकण वर ढकलून बघा. कडी जुळवताना अर्धा आटा फिरवा, लॉकनट घट्ट करा, आणि तपासणी सकाळी एकदा, भर उन्हात एकदा.

तरी हवेत उघडलीच तर? सल्ला नारीनच्या कोचचाच: आधी विमान उडवा. झाकण धरायला हात सोडू नका. ते गेलं तर गेलं.

या मे महिन्यात घरी गेलो तेव्हा त्या दाराचा कोयंडा काढून दोन सूत खाली बसवला. कडी आता सरळ बसते. आजी अजून उचलूनच घालते.