खडतर वाटा आणि मोटारसायकलीचे इंजिन
गोव्याहून चोर्ला घाटमार्गे बेळगाव गाठून पुढे निपाणी परिसरातील कच्च्या वाटांवर उतरणाऱ्या हिमालयन (2016) किंवा एक्सपल्स 200 (2019) यांसारख्या मोटारसायकलींचे मर्मस्थान इंजिनच्या तळाशी असते. अ‍ॅल्युमिनियमची क्रँककेस दगडाच्या एका आघाताने तडकू शकते. तळाचा संरक्षक पत्रा शक्यतो चेसिसलाच जोडावा आणि इंजिनपासून किंचित अंतरावर राहावा. टेकलेला पत्रा धक्का थेट आत पोहोचवतो. गाडी पडल्यावर तेल गळत असल्यास इंजिन सुरू करू नये. क्लच, गिअर, पिस्टन यांचे वंगण तेच असते. बेळगावचे उद्यमबाग ओतकामासाठी, यंत्रकामासाठी परिचित आहे. बारीक तडा आर्गन वेल्डिंगने सांधता येतो, मात्र त्यात मुरलेले तेल आधी पूर्ण काढावे लागते. तडा बेअरिंगच्या बैठकीपर्यंत पोहोचला असल्यास क्रँककेस बदलणेच इष्ट.