जॉर्ज विथ : शिष्यांनी देश घडवला, घरात मात्र न्याय हरला

१/ २५ मे १८०६, रविवार. व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड. ऐंशीच्या घरातील एक न्यायाधीश सकाळची कॉफी घेतात आणि थोड्याच वेळात असह्य पोटदुखीने अंथरुणाला खिळतात. घरातील आणखी दोघांची तीच गत होते. तिघांपैकी दोघे दगावतात. संशयित घरातलाच असतो, त्याच्याविरुद्ध बोलू शकणारी व्यक्तीही घरातलीच. तरीही शिक्षा कोणालाच होत नाही. असे का घडले? #धागा

२/ हे न्यायाधीश म्हणजे जॉर्ज विथ. जन्म १७२६, व्हर्जिनियातील चेस्टरव्हिल येथील मळ्यावर. वडील लवकर वारले. आई मार्गारेट सुशिक्षित होती आणि मुलाच्या शिक्षणाचा पाया तिनेच घातला. त्या पायावर विथ यांनी पुढे स्वाध्यायाने ग्रीक, लॅटिन आणि कायदा या विषयांत असा अधिकार मिळवला की, वसाहतीत त्यांच्या तोडीचे विद्वान मोजकेच होते.

३/ संसारसुख मात्र बेताचेच लाभले. पहिली पत्नी अॅन लुईस विवाहानंतर वर्षाच्या आत वारली. दुसरी पत्नी एलिझाबेथ टॉलिव्हर. सासऱ्यांनी बांधलेले विल्यम्सबर्गमधील घर आजही उभे आहे. या दांपत्याचे एकुलते एक मूल तान्हेपणीच गेले. १७८७ मध्ये फिलाडेल्फियातील संविधान परिषद अर्ध्यावर सोडून विथ परतले, ते आजारी एलिझाबेथसाठी. त्याच वर्षी तिचेही निधन झाले.

४/ पोटी संतान नव्हते, पण शिष्यांचा गोतावळा मोठा होता. थॉमस जेफरसन त्यांच्या हाताखाली कायदा शिकले. पुढे सरन्यायाधीश झालेले जॉन मार्शल त्यांच्या व्याख्यानांना बसले. त्यांच्या निकालांच्या नकला करणारा तरुण लेखनिक म्हणजे भावी नेते हेन्री क्ले. १७७९ मध्ये विल्यम अँड मेरी महाविद्यालयात विथ कायद्याचे प्राध्यापक झाले. अमेरिकेतील अशा स्वरूपाचे ते पहिलेच पद.

५/ राजकारणातही ते अग्रणी होते. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर व्हर्जिनियाच्या सह्यांमध्ये सर्वांत वर त्यांचे नाव आहे. १७७७ मध्ये ते राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले. पुढे न्यायाधीशपद स्वीकारले आणि अखेरपर्यंत ते राज्याच्या चॅन्सरी न्यायालयात न्यायदान करत राहिले.

६/ आता या कथेतील कळीचा धागा. स्वातंत्र्यानंतर व्हर्जिनियाचे सारे कायदे नव्याने तपासण्यासाठी एक समिती नेमली गेली. अखेरपर्यंत काम केले ते जेफरसन, एडमंड पेंडलटन आणि विथ यांनी. जून १७७९ मध्ये १२६ विधेयके सादर झाली. सोबतच्या पत्रावर सह्या होत्या जेफरसन आणि विथ यांच्या.

७/ या संचात धर्मस्वातंत्र्याचे गाजलेले विधेयक होते. त्याच संचात गुलामांविषयीचेही एक विधेयक होते. वसाहतकाळापासून चालत आलेली एक बंदी त्यात तशीच राहिली : गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष न्यायालयात चालणार नाही, मग तो गुलाम असो वा स्वतंत्र. १७८५ मध्ये हे विधेयक संमत झाले.

८/ विथ स्वतः गुलामांचे मालक होते. पत्नीच्या मृत्यूनंतर मात्र त्यांनी काही जणांना मुक्त केले. त्यांतली एक लिडिया ब्रॉडनॅक्स. मुक्त झाल्यावरही ती विथ यांच्याकडे स्वयंपाकाचे काम पाहत राहिली आणि त्यांच्याबरोबर रिचमंडला आली. याच घरात मायकेल ब्राउन हा मिश्रवंशीय, स्वतंत्र मुलगा वाढत होता. विथ त्याला स्वतः शिकवत असत.

९/ घरात चौथा होता जॉर्ज विथ स्वीनी, विथ यांच्या बहिणीचा नातू. आजोबांचेच नाव मिळालेला हा तरुण कर्जात बुडाला होता आणि त्यांच्या खोट्या सहीचे धनादेश वटवू लागला होता. मृत्युपत्रात वारसा त्याच्याकडे जाणार होता, पण ब्राउनसाठीही बँकेच्या समभागांचा वाटा राखलेला होता. त्याच्या शिक्षणाची जबाबदारी सोपवली होती थेट राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्यावर.

१०/ मग तो रविवार उजाडला. पुढे नोंदवल्या गेलेल्या हकिकतीनुसार, स्वीनी चुलीपाशी आला, त्याने कॉफीच्या भांड्याशी काही केले आणि एक कागद आगीत टाकला. हे ब्रॉडनॅक्सने पाहिले होते. ती, ब्राउन आणि विथ असे तिघेही ती कॉफी प्यायले. संशय सोमलाचा होता.

११/ १ जूनला ब्राउन मरण पावला. मृत्युशय्येवरील विथ यांनी त्याच दिवशी मृत्युपत्राला नवी पुरवणी जोडून स्वीनीचा वारसाहक्क काढून घेतला. ती लिहून दिली एडमंड रँडॉल्फ या नामवंत वकिलाने. ८ जूनला विथ गेले. त्यांचा ग्रंथसंग्रह जेफरसन यांना मिळाला.

१२/ सप्टेंबरमध्ये खटला उभा राहिला. स्वीनीच्या बचावासाठी उभे राहिले विल्यम वर्ट आणि तेच एडमंड रँडॉल्फ! शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना विषाचा निर्वाळा देता आला नाही. ब्रॉडनॅक्सला कायद्यानेच साक्ष देता येत नव्हती. कृष्णवर्णीयांकडून मिळालेली माहिती न्यायालयापुढे येऊ शकली नाही, हे तेव्हाच्या रिचमंडच्या वृत्तपत्रानेही नोंदवले. स्वीनी खुनाच्या आरोपातून सुटला. धनादेशांच्या प्रकरणातही कायद्यातील त्रुटीमुळे तो शिक्षेपासून वाचला.

१३/ त्याच वर्षी विथ यांचा एक निकाल राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात तपासला जात होता. ‘हजिन्स विरुद्ध राइट्स’ या खटल्यात स्वातंत्र्य मागणाऱ्या स्त्रियांना मुक्त करताना विथ यांनी म्हटले होते की, राज्याच्या हक्कांच्या जाहीरनाम्यानुसार स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे. त्या स्त्रियांची मुक्तता कायम राहिली, पण मूळ निवासी वंशाच्या आधारावर. हे तत्त्व कृष्णवर्णीयांना लागू नाही, असे न्यायालयाने ठरवले. तसे लिहिणारे न्यायाधीश सेंट जॉर्ज टकर हे विथ यांचेच शिष्य.

१४/ ब्रॉडनॅक्स वाचली, पण तिची दृष्टी अधू झाली. १८०७ मध्ये तिने जेफरसन यांना पत्र लिहून मदत मागितली आणि त्यांनी ५० डॉलर देण्याची व्यवस्था केली. साक्षबंदीचा कायदा मात्र पुढे सुमारे साठ वर्षे, यादवी युद्ध संपेपर्यंत, टिकून राहिला. विथ यांनी गुलामीविरुद्ध निकाल दिला, पण सही केलेल्या संचात ती बंदी तशीच जाऊ दिली. २७ वर्षांनी तिची किंमत त्यांच्याच घराने मोजली. ब्रॉडनॅक्सने जे पाहिले, ते ऐकण्याची मुभा एकाही न्यायालयाला नव्हती.